डोळ्याचा पडदा आणि वनस्पतींचे अर्क : काय सिद्ध झाले, काय अजून नाही

“सर, पडदा खराब झालाय म्हणतात. ऑपरेशनने पूर्वीसारखे होणार नाही म्हणे. एखादी जडीबुटी असेल तर बघा ना.”

असा प्रश्न आम्हाला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. आम्ही शाळेत शिकवतो. डॉक्टर नाही, हकीमही नाही. पण वरवंडसारख्या गावात मास्तरांना मराठी, उर्दू दोन्ही वाचता येते आणि लेबलवरचे इंग्रजीही थोडेफार लागते, एवढे कळले की लोक बाटल्या, गोळ्यांची पाकिटे आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन घरी येतात. बाटलीवर कधी झेंडूचा अर्क लिहिलेला असतो, कधी केशर, हळद, त्रिफळा, तर कधी जिन्कोसारखे न ऐकलेले नाव. त्या सगळ्यांना वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावे, म्हणून हा लेख.

दुसरे कारण घरातले आहे. आमचे मोठे मामू महामार्गालगत ट्रकच्या बॉडीवर रंगकाम आणि अक्षरे काढायचे. अकरा वर्षांची शुगर. एके दिवशी उजव्या डोळ्यापुढे काळे जाळे तरंगू लागले. ओळखीतल्या कोणीतरी वनस्पतींच्या अर्काची बाटली आणून दिली. दीड-दोन महिन्यांत जाळे विरळ झाले आणि मामूंचा त्या बाटलीवर पक्का विश्वास बसला. चौदा महिने त्यांनी ती घेतली. मग एका पहाटे फज्रला उठले तर उजवा डोळा पूर्ण अंधारलेला. पुण्यात लेसर करून डावा डोळा वाचला, उजव्याला आज फक्त उजेड-अंधार कळतो. बाटलीने आराम का वाटला होता, हे आम्हाला फार उशिरा समजले. ते पुढे सांगतो.

पडदा म्हणजे नेमके काय?

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला लागून अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असा एक थर असतो. त्याला पुस्तकी मराठीत दृष्टिपटल, बोलताना पडदा आणि डॉक्टरांच्या भाषेत रेटिना म्हणतात. उर्दूत त्याचे नाव ‘शबकिया’. शबका म्हणजे जाळे. रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेला थर, म्हणून हे नाव. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’ या वैद्यकग्रंथाचे बाराव्या शतकात स्पेनमध्ये लॅटिन भाषांतर झाले, तेव्हा याच अरबी शब्दाच्या अर्थावरून लॅटिनमध्ये जाळ्याचा शब्द वापरला गेला आणि त्यातून ‘रेटिना’ रूढ झाले.

पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी साधारण १२ कोटी, आणि रंग व बारीक तपशील दाखवणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लाख. पडद्याच्या मधोमध एक पिवळसर ठिपका असतो, त्याला पीतबिंदू किंवा मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी कामे या छोट्या जागेवर चालतात.

पडद्याला ऑक्सिजन फार लागतो आणि त्याच्यावर दिवसभर प्रकाश पडत असतो. या दोन्हींमुळे तिथे सतत घातक कण तयार होतात आणि पेशींना इजा करतात. लोखंड गंजते तसाच हा प्रकार. शरीर ही गंज रोखत असते, पण वय, साखर, धूम्रपान यांनी ती ताकद कमी पडते. गंज रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात आणि असे पदार्थ वनस्पतींमध्ये भरपूर असतात. वनस्पतींचे अर्क पडद्याला उपयोगी पडतील, ही आशा इथूनच सुरू होते. कल्पना चुकीची नाही. पण कल्पना बरोबर असणे आणि माणसाची नजर प्रत्यक्ष वाचणे यांत बरेच अंतर आहे.

पडदा कोणत्या आजारांनी झिजतो?

आधी एक गल्लत दूर करू. मोतीबिंदू हा पडद्याचा आजार नाही. त्यात डोळ्यातले भिंग गढूळ होते आणि ऑपरेशनने नजर परत येते. काचबिंदूत मेंदूकडे जाणारी नस खराब होते. पडद्याचे आजार वेगळे आहेत. आपल्याकडे मुख्यतः तीन ऐकू येतात.

१. मधुमेहाने होणारा पडद्याचा आजार. वाढलेल्या साखरेमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, गळतात, बंद पडतात. त्यांच्या जागी नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो. केंद्र सरकारच्या २०१५ ते २०१९ या काळातल्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांना हा आजार आढळला, म्हणजे साधारण सहा जणांत एक. सुरुवातीला यात काहीच जाणवत नाही. दुखत नाही, नजरही कमी होत नाही.

२. वयामुळे होणारी पीतबिंदूची झीज. याला एएमडी म्हणतात. पन्नाशी-साठीनंतर मधली नजर हळूहळू धूसर होते, सरळ रेषा वाकडी दिसते. याचा कोरडा प्रकार सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली रक्तवाहिन्या वाढून गळतात आणि काही आठवड्यांत नजर जाऊ शकते.

३. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी. हा जनुकांतून येणारा आजार आहे. आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग बाजूचे दिसणे कमी होत जाते आणि नळीतून पाहिल्यासारखी नजर उरते. साधारण चार हजारांत एकाला होतो.

तिन्हींची कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे. “पडद्यासाठी एकच औषध” असे जी बाटली सांगते, तिच्याबद्दल इथेच सावध व्हावे.

अर्क म्हणजे काय, आणि पुरावा म्हणजे काय?

फूल, पान किंवा मूळ वाळवून त्यातला उपयोगी भाग पाणी, अल्कोहोल किंवा दुसऱ्या द्रावकाने वेगळा काढला की त्याला अर्क म्हणतात. जेवणातली चिमूटभर हळद आणि अर्काची कॅप्सूल या सारख्या गोष्टी नाहीत. कॅप्सूलमध्ये एकच घटक जेवणाच्या कितीतरी पट असू शकतो. त्यामुळे फायदा झाला तर जास्त, आणि नुकसान झाले तर तेही जास्त.

पुराव्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर अर्क टाकून पाहणे. दुसरी, उंदरांवर प्रयोग. तिसरी, माणसांचे दोन गट करून एकाला खरे औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी देऊन काही महिने किंवा वर्षे तुलना करणे. पहिल्या पायरीवर शेकडो वनस्पती पास होतात. तिसरी पायरी ओलांडणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जाहिरातीत मात्र पहिल्या पायरीलाच “संशोधनाने सिद्ध” म्हटलेले असते.

झेंडू

या यादीत सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो आपल्या बांधावरच्या झेंडूच्या बाजूने. दौंड आणि पुरंदर तालुक्यांत दसरा-दिवाळीसाठी झेंडू लावतात आणि भाव पडला की तोच माल रस्त्याकडेला टाकून द्यावा लागतो, हे आपण पाहतोच. या फुलाच्या नारिंगी रंगात ल्युटीन नावाचा पदार्थ असतो. आपल्या पीतबिंदूला पिवळा रंग देणारे जे पदार्थ आहेत, त्यांतला एक म्हणजे हेच ल्युटीन. दुसरा त्याचा भाऊबंद झियाझँथिन. दोन्ही निळा प्रकाश शोषतात आणि गंज रोखतात. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, अन्नातूनच मिळवावे लागतात.

जगभरात कॅप्सूलमध्ये जाणारे ल्युटीन प्रामुख्याने झेंडूपासूनच काढतात. कर्नाटकात गुंडलुपेटकडे आणि तमिळनाडूत सत्यमंगलमच्या भागात कंपन्यांसाठी कराराने झेंडू लावला जातो. पाकळ्या वाळवून द्रावकाने त्यातला राळेसारखा घट्ट अर्क काढतात, मग त्यावर प्रक्रिया करून ल्युटीन शुद्ध करतात. अंड्याचा बलक पिवळाधमक व्हावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यातही हाच अर्क घालतात. हारातला झेंडू घरी उकळून पिण्याचा मात्र उपयोग नाही. त्यात ल्युटीन किती उतरले ते कळत नाही आणि फवारणीची औषधे पोटात जातात ती वेगळीच.

आता पुरावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने एएमडीच्या काही हजार रुग्णांवर मोठा अभ्यास केला आणि २००१ मध्ये त्याचे निकाल दिले. क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० युनिट, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे असे मिश्रण रोज घेतलेल्या, मध्यम टप्प्यावरच्या रुग्णांत आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. २०१३ मध्ये दुसऱ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात ल्युटीन १० मिलिग्रॅम आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम घालून पाहिले होते. जुन्या मिश्रणात यांची नुसती भर घातल्याने सरसकट सगळ्यांना जास्त फायदा झाला असे दिसले नाही; ज्यांच्या जेवणात ल्युटीन फारच कमी होते त्यांना झाला. पण बीटा कॅरोटीनने विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढत होता, म्हणून त्याच्या जागी ल्युटीन घेणे सुरक्षित ठरले. दहा वर्षांनंतरच्या तपासणीतही ल्युटीनचेच मिश्रण सरस निघाले.

यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. हा फायदा एएमडीच्या मध्यम टप्प्यासाठी आहे, किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेला असेल तर दुसऱ्या डोळ्यासाठी. सुरुवातीच्या टप्प्यात किंवा चांगल्या डोळ्याला हे मिश्रण घेऊन आजार टळतो, असे सिद्ध झालेले नाही. आणि मधुमेहाच्या पडद्यावर हा उपाय नाही. गेलेली नजर तर यातून परत येतच नाही. राहिलेली टिकण्याची शक्यता वाढते.

केशर

केशराबद्दल लोक हसतात, पण इथे थोडा खरा पुरावा आहे. आधी उंदरांवर दिसले की केशर दिल्यास तीव्र प्रकाशाने होणारी पडद्याची हानी कमी होते. मग २०१० मध्ये इटलीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या एएमडीच्या २५ रुग्णांना तीन महिने रोज २० मिलिग्रॅम केशर देऊन पाहिले. पडद्याचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद सुधारला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शंभर रुग्णांवरच्या अभ्यासातही थोडी सुधारणा दिसली. थोडीच, आणि तीन महिन्यांपुरती. दहा वर्षांनी नजर वाचते का, याचे उत्तर एवढ्याने मिळत नाही.

२० मिलिग्रॅम म्हणजे साधारण दहा काड्या. खऱ्या केशराच्या. आपल्या बाजारात रंगवलेले मक्याचे केस आणि करडईच्या पाकळ्यादेखील केशर म्हणून विकल्या जातात. शीरखुर्म्यात घालायला परवडते त्या भावाचे केशर औषध म्हणून धरू नये.

हळद

हळदीतल्या कर्क्युमिनने प्रयोगशाळेत आणि उंदरांत पडद्याच्या पेशींचे रक्षण होताना दिसले आहे. अडचण अशी की हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीनच टक्के असते आणि पोटातून ते रक्तात फार कमी उतरते. पडद्यापर्यंत पोहोचणे तर दूरच. म्हणून कंपन्या त्यात काळ्या मिरीचा अर्क मिसळतात. पडद्याच्या आजारात माणसांची नजर त्याने वाचते, असा मोठा अभ्यास अजून नाही. जेवणातली हळद खुशाल खावी. पण जास्त ताकदीच्या कॅप्सूलने काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदले गेले आहे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर त्या धोक्याच्या ठरू शकतात.

आवळा, त्रिफळा आणि इत्रिफल

आयुर्वेदात त्रिफळा, म्हणजे आवळा, हिरडा आणि बेहडा, डोळ्यांसाठी हितकर मानतात. युनानीतल्या ‘इत्रिफल’ या औषधाचे नावही याच त्रिफळा शब्दावरून आले आहे. इत्रिफल कश्नीजी हे त्यातले धणे घातलेले औषध बऱ्याच मुस्लिम घरांत असते. एक औषध दोन्ही वैद्यकांत शतकानुशतके चालत आले, ही मोठी गोष्ट आहे. परंतु पडद्याची झीज थांबते का, हे माणसांवर मोठ्या अभ्यासात तपासलेले नाही.

मधुमेहींनी इथे एक गोष्ट अवश्य पाहावी. इत्रिफल, खमीरा, आवळ्याचा मुरब्बा हे सगळे मधात किंवा साखरेच्या पाकात बनतात. डोळ्यांसाठी म्हणून सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा मुरब्बा खाणारी, शुगर तीनशेच्या घरात असलेली एक खाला आमच्या शेजारीच आहे. डोळ्याला जे बिघडवते तेच ती डोळ्याचे औषध म्हणून खात होती.

कॅप्सूलमधल्या परदेशी वनस्पती

जिन्को : चीनमधल्या झाडाच्या पानांचा अर्क. एएमडीवर छोटे अभ्यास झाले, त्यांवरून ठाम काही म्हणता येत नाही. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर रक्तस्रावाचा धोका. पडद्यात आधीच रक्त उतरत असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

बिलबेरी : जांभळ्या रंगाचे युरोपीय फळ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक याचा मुरंबा खाऊन रात्री चांगले बघत, अशी कहाणी जाहिरातीत असते. नंतरच्या नीट तपासलेल्या अभ्यासांत रात्रीची नजर सुधारल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

गोजी : चीनमधली लाल, मनुकांसारखी वाळवलेली फळे. यात झियाझँथिन भरपूर असते. हाँगकाँगमध्ये आरपीच्या चाळीसेक रुग्णांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात पीतबिंदूची झीज थोडी मंदावल्याचे दिसले. आशा वाटावी असे, पण अभ्यास फारच लहान.

पडद्याच्या तपासणीला मदत करणारी वनस्पती

शेताच्या कडेला वाढणाऱ्या धोत्र्याचा चीक किंवा धूळ डोळ्यात गेली की बाहुली मोठी होते आणि दिवसभर जवळचे धूसर दिसते. धोत्र्याच्या आणि त्याच्या कुळातल्या बेलाडोना या वनस्पतीत असणाऱ्या अॅट्रोपीनमुळे हे होते. हेच अॅट्रोपीन शुद्ध करून, मोजून, डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करण्यासाठी वापरले. आज त्यासाठी बहुतेक वेळा कारखान्यात तयार केलेले, लवकर उतरणारे थेंब वापरतात. पडदा पाहायचा तर आधी बाहुली मोठी करावी लागते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे. थेंब टाकून, अर्धा-पाऊण तास बसवून, आत दिव्याने पाहिले तरच तपासणी झाली असे समजावे. धोत्रा विषारी आहे. त्याचा घरी कुठलाही प्रयोग करू नये.

डोळ्यात घालण्याच्या वस्तू

कांद्याचा रस, मध, गुलाबपाणी, निरनिराळे घरगुती थेंब यांतले काहीही पडद्यापर्यंत पोहोचत नाही. बुबुळाला जखम किंवा जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

सुरम्याविषयी वेगळे सांगायला हवे. सुरमा ही वनस्पती नाही, दगडाची पूड आहे. बाजारात मिळणारा काळा चमकदार सुरमा पुष्कळदा गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज असतो. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. बोट डोळ्याला, मग तोंडात, असे ते पोटात जाते. सुरम्याने पडदा मजबूत होतो याला काही आधार नाही. बाळांच्या डोळ्यांत तर तो घालूच नये.

बाटलीने बरे का वाटते?

आता मामूंची गोष्ट. मधुमेहात पडद्याच्या नाजूक वाहिन्या फुटून रक्त डोळ्यातल्या पारदर्शक गरात उतरते, तेव्हा काळे जाळे किंवा ठिपके दिसतात. थोडेच रक्त असेल तर शरीर ते काही आठवड्यांत शोषून घेते आणि जाळे आपोआप विरळ होते. औषध घेतले नाही तरी होते. मामूंनी त्या काळात बाटली घेतली, म्हणून श्रेय बाटलीला गेले. फुटणाऱ्या वाहिन्या मात्र तशाच वाढत राहिल्या. त्या अर्काने डोळ्याला थेट इजा केली असे आम्ही म्हणत नाही. त्याने चौदा महिने घालवले, आणि लेसरने डोळा वाचवायचा काळ तोच होता.

पडदा खरोखर कशाने वाचतो?

मधुमेहात : साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात, इन्सुलिन घेणाऱ्या टाइप १ मधुमेहींत कडक साखरनियंत्रणाने पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. एवढा आकडा कोणत्याही वनस्पतीच्या अर्काचा नाही. आजार पुढे गेला असेल तर लेसर, डोळ्यात देण्याची इंजेक्शने किंवा ऑपरेशन.

एएमडीत : विडी-सिगारेट बंद. धूम्रपानाने हा धोका काही पटींनी वाढतो. ओल्या प्रकारात इंजेक्शने वेळेवर घेतली तर नजर टिकते. कोरड्या प्रकाराच्या मध्यम टप्प्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने वर सांगितलेले मिश्रण.

आरपीत : अजून सर्वांसाठी उपाय नाही. एका विशिष्ट जनुकाच्या बिघाडासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत जनुक-उपचाराला मान्यता मिळाली, पण तो फार महाग आणि मोजक्याच रुग्णांना लागू पडणारा आहे. आरपीचे बरेच प्रकार असे असतात की आई आणि वडील दोघांकडून एकच बिघडलेले जनुक आले तरच मूल आजारी पडते. जवळच्या नात्यात दोघांकडे तेच जनुक असण्याची शक्यता जास्त. आपल्या समाजात मामे-चुलत भावंडांत लग्ने होतात. ती जायज आहेत आणि कुणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मात्र ज्या खानदानात कुणाला लहानपणापासून रात्री दिसत नाही, त्या घरात पुन्हा नात्यात रिश्ता करण्याआधी जनुक-सल्ला जरूर घ्यावा. आणि मुलाला संध्याकाळी ठेच लागते, अंधारात ते भांबावते, तर “आळशी आहे” म्हणू नये. वर्गात अशी मुले आम्ही पाहिली आहेत. कधी कारण अ जीवनसत्त्वाची कमतरता असते, ते सहज बरे होते. कधी आरपी असते. तपासल्याशिवाय कळत नाही.

ताटात काय असावे?

कॅप्सूल परवडत नाही म्हणून वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. १०० ग्रॅम पालकात ल्युटीन आणि झियाझँथिन मिळून साधारण १२ मिलिग्रॅम असते. म्हणजे एक वाटी शिजवलेली भाजी कॅप्सूलच्या बरोबरीची. मेथी, शेवग्याचा पाला, राजगिरा, मका यांतही हे पदार्थ असतात. ल्युटीन तेलात विरघळते, म्हणून भाजीला थोडी तेलाची फोडणी हवी. अंड्याच्या बलकात ते कमी असते, पण शरीरात चांगले उतरते. आठवड्यात तीन-चार वेळा पालेभाजी, सोबत अंडे, मोसमात आवळा किंवा पेरू एवढे कोणत्याही घराला जमते. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाज्या किती खाव्यात हे डॉक्टरांना विचारावे.

तपासणी कधी, कुठे?

मधुमेह कळला त्याच वर्षी पडदा तपासावा आणि पुढे दर वर्षी. टाइप १ असेल तर निदानानंतर पाच वर्षांनी सुरुवात. मधुमेह असलेल्या महिलेला दिवस राहिले तर लगेच. चाळिशीनंतर इतरांनीही दोन-एक वर्षांतून एकदा.

दौंड, यवत, केडगाव या परिसरातल्यांना सरकारी दवाखान्यातून पुढची चिठ्ठी घेता येते. पुण्यात ससून रुग्णालय आहे. हडपसरजवळ महंमदवाडीला देसाई नेत्र रुग्णालय आहे, आपल्याला सोलापूर रस्त्यानेच जाता येते. उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. जाताना स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये. थेंबांमुळे परतताना काही तास धूसर दिसते. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, हकिमांच्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात आणि न लाजता दाखवाव्यात.

घरी करण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. भिंतीवरचे चौकटींचे कॅलेंडर घ्या. चष्मा लावा. एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्याने मधल्या तारखेकडे पाहा. मग डोळा बदला. रेषा वाकड्या दिसल्या, एखादी चौकट गायब किंवा काळी दिसली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. डोळे वेगवेगळे झाकणे महत्त्वाचे. दोन्ही उघडे असतील तर चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो आणि महिनोन्‌महिने काही कळत नाही. अचानक ठिणग्या चमकणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे वाटणे, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखा अंधार होणे, यांपैकी काही झाले तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी निघा.

थोडक्यात

झेंडूतले ल्युटीन : एएमडीच्या मध्यम टप्प्यात, ठरलेल्या मिश्रणातून, उपयोग सिद्ध.
केशर : थोडा पुरावा, छोटे अभ्यास.
गोजी : आरपीत एक लहान अभ्यास, अजून वाट पाहावी.
हळद, त्रिफळा, आवळा : अन्न म्हणून चांगले, पडद्याचे औषध म्हणून सिद्ध नाही.
जिन्को, बिलबेरी : भरवसा ठेवण्याइतका पुरावा नाही, जिन्कोने रक्तस्रावाचा धोका.
सुरमा, कांदा, मध : डोळ्यात घालू नये.

आता कुणी बाटली घेऊन आले की आम्ही आधी लेबल वाचत नाही. थेंब टाकून पडदा शेवटचा कधी तपासला, ते विचारतो. उत्तर बहुतेक वेळा “कधीच नाही” असे येते. मग बाटली बाजूला ठेवून आम्ही पुण्याला जायचा दिवस ठरवतो. गरज पडली तर सोबतही जातो. मामू अजून आमच्याकडे येतात. डाव्या डोळ्याने वर्तमानपत्राचे मथळे वाचतात आणि भेटेल त्या शुगरवाल्याला तपासणीची तारीख विचारतात.